स्लॉटमधलं भांडण

रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं गॅस क्रोमॅटोग्राफ सहसा म्हातारपणाने जात नाही. त्याचा कॉलम बदलता येतो, सेप्टा बदलता येतो, ओव्हनचा हीटर बदलता येतो. आधी जातो तो शेजारचा संगणक, आणि संगणकातही बऱ्याचदा जातं ते मागच्या स्लॉटमध्ये खोचलेलं कार्ड. यंत्र आणि संगणक यांच्यातला तो दुभाषा असतो. तो गेला की यंत्र शाबूत असूनही बिनकामाचं होतं.

माझी मावसबहीण महाडला राहते आणि बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी, सांभाळते. तिचा धाकटा सख्खा भाऊ पोलादपुरात बोर्ड दुरुस्त करतो. इन्व्हर्टर, वजनकाटे, पंपाचे टायमर, काय येईल ते. त्याचं दुकान आधी महाडच्या बाजारपेठेत होतं. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर त्याने ते वर पोलादपूरला हलवलं. सध्या दोघांत वाद पेटलाय तो ताईच्या प्रयोगशाळेतल्या दोन मेलेल्या कार्डांवरून. एक कार्ड एचपी ५८९० या गॅस क्रोमॅटोग्राफचं, म्हणजे जीसीचं, दुसरं एका जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचं. ताईला दोन्ही यंत्रं भंगारात द्यायची आहेत, भावाला दोन्ही कार्डं नव्याने बनवायची आहेत. वयाने लहान तो जुन्याच्या बाजूने आणि मोठी ती नव्याच्या, म्हणून मी कान देऊन ऐकत राहिलो.

ताई : तू कार्ड बनवलंस, ते चाललंही. दोन वर्षांनी पुन्हा गेलं, तर मी कोणाला फोन करायचा?

भाऊ : मला.

ताई : आणि तू दुबईला गेलास तर?

भाऊ : तर माझं ड्रॉइंग असेल. आज तुझ्याकडे तेही नाही.

ताई : मला ड्रॉइंग नको रे, पीक पाहिजे. सॅम्पल टोचलं की पडद्यावर पीक आलं पाहिजे. बॅच टँकरमध्ये भरून उभी असते आणि डिस्पॅचवाला दर दहा मिनिटांनी फोन करतो. त्याला काय सांगू, भाऊ पोलादपूरला झाळकाम करतोय?

भाऊ : अगं, हे आयएसए कार्ड आहे, त्यात भ्यायचं काय? १९८१ च्या आयबीएम पीसीतला स्लॉट, १९८४ च्या एटीमध्ये तोच पुढे वाढवला. जुन्या भागात ६२ टोकं, वाढीव भागात ३६. दोन टोकांतलं अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे चष्मा न लावता मोजता येईल एवढं. वेग साधारण ८ मेगाहर्ट्झ. कोणत्या टोकावर कोणता सिग्नल, हे आयबीएमने आपल्या टेक्निकल रेफरन्समध्ये सर्किटसकट छापून दिलं होतं. त्याच्या जोरावरच तर जगभर कार्डं निघाली.

ताई : स्लॉट उघडा आहे. कार्ड उघडं आहे का?

हा प्रश्न तिने सहज टाकला, पण सगळं भांडण त्यावरच उभं आहे. स्लॉटची माहिती चाळीस वर्षांपासून जगजाहीर आहे. त्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या एखाद्या कार्डावर कोणत्या पत्त्याला कोणता आकडा लिहिला म्हणजे यंत्र जागं होतं, हे मात्र ज्याने कार्ड बनवलं त्यालाच ठाऊक. मालाबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात ते नसतं. पुस्तकात असतं ते कार्ड कसं खोचायचं आणि स्क्रू कुठला पिळायचा.

ताई : आणि मुळात कार्डच का? आमच्या आयटीवाल्याचं म्हणणं, जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकू. विंडोज एनटी नव्या लॅपटॉपवर पळेल.

भाऊ : पळेल ना. सॉफ्टवेअर उघडेल, मेनू दिसतील, जुने क्रोमॅटोग्रामसुद्धा दिसतील. पण व्हर्च्युअल मशीनला खरा आयएसए स्लॉट नसतो. यंत्राची केबल कशात खोचणार?

ताई : जीसीची केबल जीपीआयबी आहे. ते तर स्टँडर्ड आहे. यूएसबीला लावायचा ॲडॅप्टर बाजारात मिळतो.

भाऊ : बरोबर. एचपीने एचपी-आयबी काढलं, १९७५ साली त्याचं आयईईई ४८८ झालं, तेच जीपीआयबी. चोवीस टोकांचा कनेक्टर, एका माळेत पंधरा उपकरणं. केबलवर काय चालतं ते सगळं छापील आहे. पण तुझं जुनं सॉफ्टवेअर केबलशी बोलत नाही, ते कार्डाशी बोलतं. त्याचा ड्रायव्हर ठरलेल्या पत्त्यावर ठरलेलं कार्ड शोधतो, एचपी ८२३४१. तिथे ते नसलं की लाल अक्षरात एरर. यूएसबीचं नावही त्याला माहीत नाही.

ताई : मग नवं सॉफ्टवेअर घेऊ.

भाऊ : त्याला नवा जीसी लागेल. तो लाखांत जातो. आणि माझं कार्ड हजारांत.

जीसीबद्दल माझं मत मी दोघांना तिथेच सांगून टाकलं. ते कार्ड बनवायची गरज नाही. ती कार्डं त्या काळी भरपूर खपली, वापरलेली आजही हुडकली तर मिळतात. एक चालतं आणि दोन सुटी घेऊन ठेवली की काही वर्षं निभावतात. भाऊ हिरमुसला. कोणीतरी आधीच बनवून ठेवलेली गोष्ट विकत घेण्यात त्याला मजा वाटत नाही. मात्र स्पेक्ट्रोफोटोमीटरचं कार्ड ही वेगळी गत आहे. ते त्या एकाच मॉडेलसाठी बनलेलं, कनेक्टर भलताच, बनवणाऱ्या कंपनीने सुटे भाग बंद करून जमाना झाला. तिथे एक तर कार्डाची नक्कल, नाही तर यंत्राला रामराम.

ताई : नक्कल करणार म्हणजे काय करणार? फोटो काढून झेरॉक्स?

भाऊ : सुरुवात जवळपास तशीच. बोर्ड दोन थरांचा आहे, म्हणजे आत लपलेला थर नाही. दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, मल्टिमीटर बीपवर लावून एकेक ट्रॅक तपासायचा, आणि कीकॅडमध्ये सर्किट उतरवायचं. ते सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातून गर्बर फाइल काढली की बोर्ड छापून देणारे पुण्यातही आहेत. जाडी १.६ मिलिमीटर, स्लॉटात जाणाऱ्या कडेला सोन्याचा मुलामा आणि तासलेली धार, एवढं ऑर्डरमध्ये सांगायचं. बाकी चिपा बघ : ७४एलएस२४५, ७४एलएस१३८, एक ८२५५, एक ८२५४. कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळलेल्या. सगळ्या आजही मिळतात.

ताई : हे सगळं सोपं असेल तर अवघड काय आहे?

भाऊ : दोन चिपा. एक ईप्रॉम आणि एक पाल.

इथे भाऊ खरा रंगला, आणि मीही त्याला अडवलं नाही. ईप्रॉमच्या पाठीवर काचेची खिडकी असते. अतिनील प्रकाश पाडला की आतली माहिती पुसली जाते, म्हणून खिडकीवर स्टिकर चिकटवतात. स्टिकरचा डिंक वाळतो, स्टिकर गळतो, आणि वर ट्यूबलाइट व खिडकीतलं ऊन वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतं. अंधारात ठेवली तरी चिपेतला भार फार हळू का होईना, गळतच असतो. तेव्हा कार्ड मेल्यावर ईप्रॉम वाचायला घेणं म्हणजे उशीर. कार्ड चालत असतानाच ती वाचून, दोन ठिकाणी ठेवून, चेकसम लिहून ठेवायला हवा. या चिपेत ३२ किलोबाइट मावतात. फोनमधल्या एका फोटोहून कितीतरी कमी. पण तेवढ्यावर अख्खं यंत्र चालतं.

पालची गोष्ट आणखी हट्टी. ही छोटी तर्काची चिप कारखान्यात एकदा लिहिली जाते, आणि लिहून झाल्यावर बनवणारा तिच्यातला सुरक्षेचा फ्यूज जाळतो. मग ती आपलं काम करत राहते, पण आत काय लिहिलंय ते वाचू देत नाही. भावाचा उपाय असा : टोकांवर शून्य-एकच्या सगळ्या जोड्या देत जायच्या आणि उत्तरं टिपायची. १६ टोकं इनपुट धरली तर ६५,५३६ जोड्या. हाताने अशक्य, पण छोट्या मायक्रोकंट्रोलरला काही सेकंदांचं काम. चिपेत स्मृती नसेल, म्हणजे उत्तर फक्त आताच्या इनपुटवर ठरत असेल, तर या तक्त्यावरून तिचं समीकरण मांडता येतं. स्मृती असेल तर मात्र आधी काय विचारलं होतं यावर आताचं उत्तर ठरतं, आणि गणित फुगत जातं.

ताई : आणि तुझ्या पालमध्ये स्मृती आहे?

भाऊ : नंबरावरून तरी नाही.

ताई : तरी.

भाऊ : ताई, प्रत्येक शब्दाला पकडू नकोस.

मला वाटतं, पकडायलाच हवं होतं. दुरुस्ती करणारा माणूस आशेवर जगतो आणि क्यूसीतला संशयावर. दोघांचा पगार त्यासाठीच असतो.

ताई : बरं, कायद्याचं सांग. दुसऱ्याच्या कार्डाची नक्कल करायची, त्याच्या ईप्रॉममधला प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा. उद्या नोटीस आली तर ती तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर येणार नाही, कंपनीच्या येईल.

भाऊ : कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५२ बघ. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे, त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप घेता येतो. यंत्र तुम्ही विकत घेतलंय, प्रत तुमची आहे. चिपेच्या आतल्या रचनेला २००० सालचा वेगळा कायदा आहे, त्याचं संरक्षण दहा वर्षांचं. आणि मी चिप बनवत नाहीये, बाजारातल्या चिपा बोर्डवर बसवतोय.

ताई : बॅकअप घेता येतो. विकता येतो का?

भाऊ : विकणार कोण आहे? महाडमध्ये हे स्पेक्ट्रो असणारे गिऱ्हाईक किती, तूच एक.

एवढ्यात मी जिस्ट कार्डाचा विषय काढला. वाटलं होतं भावाला बळ मिळेल. झालं उलटंच.

ज्यांनी ऐंशी-नव्वदीच्या दशकात सरकारी किंवा छापखान्याच्या संगणकावर मराठी पाहिली, त्यांना हे कार्ड आठवेल. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी देवनागरीसाठी जे काम सुरू केलं, ते १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे पुढे गेलं. त्यातून जिस्ट कार्ड बाजारात आलं. तेही आयएसए स्लॉटमध्ये बसणारंच. डॉसवर चालणाऱ्या, फक्त इंग्रजी जाणणाऱ्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर हे कार्ड देवनागरी उमटवायचं. डीबेसमध्ये मराठी नावं भरता यायची. कॅप्स लॉक दाबला की कीबोर्ड इंग्रजीवरून मराठीवर. त्या काळी मराठी संगणकात शिरली ती अशी एका स्लॉटच्या वाटेने. आज ते कार्ड कोणाच्या घरी असलंच तर माळ्यावर असेल.

भाऊ : बघ! अशा कार्डांचंही जतन करायला हवं होतं.

ताई : कशाला? त्या कार्डावाचून कोणाचं काय अडलं? त्याच्यामागे अक्षरांचे आकडे ठरवणारं इस्की होतं. भारतीय मानक १३१९४, १९९१ साली आलेलं. क म्हणजे १७९, हे मानकात छापलेलं. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतली, तिथे तोच क २३२५ झाला. एक तक्ता समोर ठेवला की जिस्टवर टाइप केलेला मजकूर आजच्या फोनवर वाचता येतो. कार्ड मेलं, मजकूर जगला, कारण तो कार्डात अडकलेला नव्हता.

भाऊ : हं.

ताई : आणि आपल्या शेजारच्या प्रेसवाल्या काकांचं बघ. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं, नुसते डीटीपीचे फाँट होते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, ती कुठेही छापलेली नाही. त्यांच्या जुन्या फायली आज उघडल्या की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. हार्डवेअर काहीच लागत नाही, तरी अडलंय. तेव्हा कार्डावर जीव टाकू नकोस. कार्डाच्या मागे कागद आहे का ते बघ.

या मुद्द्याला भावाकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं. ताईने तो त्याच्याविरुद्ध मांडला खरा, पण तो तिच्याही अंगावर येतो. नवा जीसी, नवं सॉफ्टवेअर घेतलं तरी त्याच्या फायली कोणत्या साच्यात साठतात हे तिला कोण सांगणार? पंधरा वर्षांनी तेही जुनं होईल. जुना बोर्ड निदान मल्टिमीटरने चाचपता येतो. आजचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड पहिल्या पिढीतसुद्धा एका जोडीवरून सेकंदाला अडीच अब्ज वेळा सिग्नल पाठवायचं. थरावर थर असलेला तो बोर्ड पोलादपूरच्या दुकानात उतरवून काढणं जमायचं नाही. जुनी कार्डं दुरुस्त होतात याचं कारण त्या काळचे लोक उदार होते असं नाही. कार्डं संथ होती.

ताई : मग तूच ऐकलंस ना दादा? याची विद्या याच्याबरोबरच जाणार.

भाऊ : तोवर तुझी यंत्रं चालतील.

ताई : तोवर पूर येतील. २००५ पाहिला, २०२१ पाहिला. सावित्री भरलेली, गांधारी भरलेली, खाली बाणकोटच्या खाडीला भरती; पाण्याने जायचं कुठे? बाजारपेठेत तुझ्या दुकानात काय राहिलं होतं, सांग.

भाऊ : तू म्हणतेस त्याहून जास्त राहिलं होतं. लोकांनी संगणक उन्हात वाळवले आणि लगेच बटण दाबलं, ते गेले. माझ्याकडे बंद स्थितीत आले त्यातले बरेच उठले. पाणी बोर्डाला मारत नाही, ताई. पाण्यात बुडलेल्या बोर्डावर जी बॅटरी चालूच असते ती मारते. ओल्या गाळातून करंट वाहत राहतो आणि तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतो. नेहमी बॅटरीच्याच आजूबाजूला हिरवं झालेलं सापडतं. आधी बॅटरी काढायची, साध्या पाण्याने गाळ काढायचा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए अल्कोहोल, आणि सावलीत दिवसचे दिवस वाळवायचं.

ताई : आयपीए तर आमच्याकडे ड्रमने असतं.

हे वाक्य ऐकून भाऊ हसला. पुढे बोलणं जरा मऊ झालं, पण ताईचा सर्वांत वजनदार मुद्दा अजून बाकी होता.

ताई : समज, तुझं कार्ड चाललं. ऑडिटर येतो, विचारतो : हे कार्ड कोणी बनवलं? सप्लायरचं सर्टिफिकेट? क्वालिफिकेशन? मी काय दाखवू? आणि कार्ड सोड, ते सॉफ्टवेअरच जुनं आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचा अमेरिकेचा पार्ट ११ नियम १९९७ चा. त्यात ऑडिट ट्रेल लागतो. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद. तुझ्या लाडक्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल डिलीट केली तर मागमूस राहत नाही. उद्या कोणी नको असलेला ग्राफ उडवला, तर मी तो कसा पकडू? मी जुनं यंत्र काढतेय ते ते बिघडलंय म्हणून नाही. त्याच्यावर मला सही करता येत नाही म्हणून.

भाऊ बराच वेळ गप्प राहिला. माझ्या मते या ठिकाणी ताई बरोबर आहे. कार्ड कितीही चांगलं बनलं, तरी त्यावर चालणारं सॉफ्टवेअर खोटेपणाला दार उघडं ठेवत असेल, तर औषधात जाणाऱ्या मालाच्या शेवटच्या चाचणीला ते वापरू नये. कार्डाच्या प्रेमापोटी ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही.

भाऊ : बरं. फायनल रिलीज नव्या यंत्रावर कर. पण प्लँटमधून तासातासाला इनप्रोसेस सॅम्पल येतात, रिअ‍ॅक्शन झाली की नाही एवढंच बघायला. त्यासाठी नवं यंत्र अडवून ठेवशील? ते काम जुन्या स्पेक्ट्रोवर होऊ दे. रोज सकाळी स्टँडर्ड लावायचं, आकडा मर्यादेत आला तरच पुढे जायचं. नाही आला तर कार्ड काढून फेक, मी काही बोलणार नाही.

ताई : रोज लावायचं, आणि नोंद वहीत. पानं बांधलेल्या वहीत, सुट्या कागदावर नाही.

भाऊ : वहीत.

ताई : आणि ड्रॉइंग मला हवं. गर्बर, पार्ट लिस्ट, पालचं समीकरण, ईप्रॉमची फाइल. तू दुबईला गेलास तरी पुण्यातल्या कोणालाही देऊन बनवून घेता आलं पाहिजे.

भाऊ : ते मी सगळ्यांनाच खुलं करणार आहे, ईप्रॉम सोडून. दुसरीकडे कुठे याच यंत्राचा मालक अडून बसला असेल तर त्याला मिळेल.

ताई : अजिबात नाही. यंत्र कंपनीचं आहे. आधी वर विचारते.

भाऊ : आत्ताच तर म्हणालीस, कार्डाच्या मागे कागद हवा.

ताई : हवाच. पण कंपनीच्या फायलीत.

मला वाटलं, इथे ती स्वतःच्याच इस्कीच्या दाखल्याला विसरली. फायलीत कुलूपबंद ठेवलेला कागद आणि फ्यूज जाळलेली पाल, बाहेरच्या माणसासाठी दोन्ही सारखंच. इंग्लंडमध्ये टोनी सेल यांनी १९९३ मध्ये महायुद्धातलं, गुप्त संदेश फोडणारं कोलोसस यंत्र पुन्हा उभं करायला घेतलं, तेव्हा त्यांच्या हाताशी १९४५ चे मोजके फोटो आणि हुकूम मोडून काही इंजिनिअरांनी जपलेले सर्किटचे तुकडे एवढंच होतं. युद्धानंतर बाकीची कागदपत्रं मुद्दाम नष्ट केली होती. काम पुरं व्हायला २००७ उजाडलं. मी हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, ते युद्ध होतं, हा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे.

कार्ड अजून बनायचं आहे. भावाने ईप्रॉम मात्र वाचून घेतली आहे. पुन्हा पुन्हा वाचली, दर वेळी चेकसम सारखाच आला, म्हणजे आतली माहिती अजून तरी शाबूत असावी. त्याने तो आकडा डबीच्या झाकणावर मार्करने लिहिला. ताईने झाकण पाहिलं आणि विचारलं, तारीख कुठे आहे? वाचलं कोणी? तपासलं कोणी? दुकानात मी एकटाच असतो, भाऊ म्हणाला. मग एकट्याने केलेलं चालणार नाही, ती म्हणाली, आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिने सांगितलं, कळायची गरज नाही, प्रोग्रॅमर पुन्हा लाव, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, सारखा असला तरच सही कर. भाऊ कुरकुरत प्रोग्रॅमर जोडू लागला.